नऊ नंबर

"सगळे एमसीबी खाली केले तरी मोठा वर राहत नाही," असं मालक फोनवर म्हणाले आणि मला बरं वाटलं. गिऱ्हाईकं एरवी 'लायट गेली' एवढंच सांगतात. शेजारी लायट आहे का, मीटरवर आकडे दिसतात का, असं विचारलं की 'तुम्ही याच हो' म्हणतात. या माणसाने निदान करून पाहिलं होतं आणि नेमकं सांगितलं होतं.

एमसीबी म्हणजे बोर्डातले छोटे खटके, मोठा म्हणजे त्या सगळ्यांच्या आधीचा आरसीसीबी. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का, एवढंच तो बघतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की पडतो. घरातले साधे एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. म्हणून सगळे खाली करूनही मोठा पडत असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी न्यूट्रल अर्थला, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या वायरीला, टेकलेला असतो. हे फर्मागुढीच्या आयटीआयमध्ये आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तरी माझ्याआधी येऊन गेलेला वायरमन म्हणाला होता, "आरसीसीबीच खराब आहे, बायपास करून देतो, गणपतीची चवथ पार पडेल." असल्या लोकांना मी चहाही विचारत नाही. मालकांनी नको म्हटलं, हे त्यांचं नशीब.

घर माशेलपासून जरा आत, चिऱ्याचं, जुनं, चौकीचं. राजांगणाच्या मधोमध मात्र सिमेंटच्या ब्लॉकची भिंत. दोन भावांची वाटणी, इन्व्हेंटरी कोर्टात, आता भाऊ दोघेही नाहीत आणि पोरं भांडतायत. गोव्यात हे काही नवल नाही. वडिलोपार्जित घरावर सगळ्यांचा हिस्सा, त्यामुळे कौल बदलायचा तरी सगळ्यांच्या सह्या लागतात. तुळस भिंतीच्या अलीकडे आली होती, विहीर पलीकडे. सोप्यावर माटोळीची, गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची, चौकट बांधून तयार होती, खाली नारळ, आणि कोपऱ्यात खुर्चीवर मालकांची आई.

बोर्ड दोन वर्षांपूर्वीचा. जुना किटकॅट फ्यूजचा काढून एका कॉन्ट्रॅक्टरने एका दिवसात बसवलेला. १४ एमसीबी, ओळीने, चकचकीत. खालची नावांची पट्टी कोरी, वरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. फक्त सहाव्यावर बॉलपेनने 'एफ'. फॅन, फ्रिज की फ्रंट? निघाला पाण्याचा पंप. हे लोक चौदा वायरी बरोबर आवळतात, टाय बांधतात, फोटो काढून स्टेटसला टाकतात आणि चौदा शब्द लिहायचा मात्र कंटाळा करतात. रात्री पावसात काळोखात उभं राहून एकेक खटका पाडत बसायची वेळ त्यांच्यावर येत नाही ना!

मालक माटोळीचं सामान आणायला फोंड्याच्या बाजारात निघाले होते. जाताना म्हणाले, "फॉल्ट काढाच, पण प्रत्येकावर नाव हवं मला. काय कुठे जातं ते कळलंच पाहिजे." असं गिऱ्हाईक वर्षाला एखादंच भेटतं. मी खुशीतच कव्हर उघडलं.

आषाढातल्या चिखलकाल्यापासून मोठा अधूनमधून पडत होता, आणि पडायचा तो दिवेलागणीलाच. मालकांना वाटायचं फ्रिज. पण मी न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला तर दोन व्होल्ट दाखवले. लाईनवर सगळ्या वाड्याचा लोड असतो, न्यूट्रल थोडा वर उचललेला असतो. दोन व्होल्टांनी ३० मिलीअँपिअर वाहायला ६६ ओहमचा टेकू पुरतो. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, टीव्ही लागले की हा फरक वाढतो. फ्रिज बिचारा निर्दोष. गेले दोन दिवस पाऊस थांबलाच नव्हता आणि आता मोठा दिवसाही टिकत नव्हता.

मग न्यूट्रलच्या बारवरून, म्हणजे सगळे न्यूट्रल जिथे जोडतात त्या पट्टीवरून, एकेक वायर सोडवायची, मोठा वर करायचा, थांबायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. बारवरचा क्रम आणि एमसीबीचा क्रम यांचा काही संबंध नव्हता. अकरावी वायर सोडल्यावर मोठा वर राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सुटलेली वायर आणि अर्थ: ४१ ओहम. सापडला.

आता हा न्यूट्रल कुणाचा? माझ्या पिशवीत एक जुना रेडिओ असतो. सॉकेटात लावायचा, आवाज मोठा करायचा, खटके पाडत जायचं. आकाशवाणी पणजी थांबली की तो खटका त्या खोलीचा. एकट्याने काम करायचं तर याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. एक ते आठ वहीत लिहून झाले, दहा ते चौदाही. नऊ वर केला काय, खाली केला काय, घरात काहीच बदललं नाही. सगळे दिवे लागतात, पंप चालतो, देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा. सहा अँपिअरचा नऊ नंबर कुणाचाच नाही, आणि त्याच्या टर्मिनलमधून एक जुनी लाल वायर त्या सुटलेल्या काळ्या वायरीबरोबर पीळ घालून वर माळ्यात गेलेली.

माळ्यावर चढलो. वाशांवरून जोडी सरळ राजांगणाच्या अंगाला गेली होती, तिथे एका लोखंडी जीआय पाईपात शिरली आणि पाईप चिऱ्याच्या भिंतीतून पलीकडे. पाईपाला क्लॅम्प लावून अर्थिंग नीट जोडलेलं. ज्याने हे केलं त्याला अर्थचं महत्त्व कळत होतं. पाईपाच्या तोंडाला बुश, वायर घासू नये म्हणून लावायचं कडं, बसवायला मात्र तो विसरला. पाईपाच्या धारेने वर्षानुवर्षं घासून काळ्या वायरीचं इन्सुलेशन कापलं गेलं होतं. वर पागोळी ठिबकत होती. भोकाजवळ एक कौल सरकलेला, त्यातून पलीकडचं स्वयंपाकघर दिसलं. एक बाई समईच्या उजेडात पाट्यावर खोबरं वाटत होत्या. बाजूला मिक्सर, झाकून ठेवलेला.

खाली उतरलो तर आजींनी हाक मारली. "पुता, सापडलं?"

"सापडलं. पण आजी, ती वायर पलीकडे..."

"धाकटीकडे जाते." त्यांनी वाक्य मला पुरं करू दिलं नाही. "यांनीच घातली होती. भिंत घातली त्याच वर्षी, रात्री. तिचं कनेक्शन सह्यांवरून अडलं ते अजून अडलेलंच. दोन दिवे, पंखा, मिक्सर. फ्रिज ती घेत नाही, मुद्दाम."

"दादांना?"

"त्याला सांगून बघ हवं तर." मग थोड्या वेळाने, "दोन दिवस झाले. ती मागायला येणार नाही."

माझं लायसन खिशात होतं. मंजूर जागा सोडून दुसऱ्या जागेत वीज द्यायची म्हणजे अनधिकृत वापर, २००३ च्या वीज कायद्याचं १२६ कलम. हे मला पाठ आहे. तोडून टाकलं असतं तर कुणी मला चूक म्हटलं नसतं. मी गाडीतून तीन कोरची नवी केबल आणली, पीव्हीसी पाईपातून पलीकडे काढली, दोन्ही तोंडांना बुश लावले. पलीकडच्या बाईंनी दार उघडलं, मी त्यांचा बोर्ड खोलून जोडलं, अर्थ दिला. तोपर्यंत त्या घरात अर्थच नव्हता. आम्ही चार शब्दही बोललो नाही. इन्सुलेशन तपासायचा मेगर लावला, २० मेगओहमच्या वर. नऊ वर केला तेव्हा भिंतीपलीकडे मिक्सर घरघरला. आजी डोळे मिटून बसल्या होत्या.

मग लेबलं. सुबक लिहिली, पेडणेकर बाईंनी शाळेत गिरवून घेतलेल्या अक्षरात. देवघर व सोपा. माजघर. स्वयंपाकघर सॉकेट. पंप. नऊवर येऊन थांबलो. 'काकी' लिहू? मालकांनी विचारलं कुणाची काकी, तर? कोरी ठेवू? कोऱ्या पट्टीला मघाशी मीच शिव्या घातल्या होत्या. बाहेर मालकांची गाडी लागली, आणि मी लिहून टाकलं: स्पेअर.

बावीस वर्षांत मी खोटं लेबल लिहिलं नव्हतं. लेबल नसलं की माणूस टेस्टर लावून बघतो. 'स्पेअर' वाचलं की पक्कड घालतो. म्हणून आतल्या प्लेटवर, स्क्रू काढल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, मार्करने लिहिलंय: 'नऊ चालू आहे, तपासूनच हात लावा.' वायरीवर लाल स्लीव्हही चढवली. बिलात 'माळ्यावरील खराब केबल बदलली' लिहिलं, ते तरी खरं आहे. आजींना सांगितलं की तो खटका खाली होऊ देऊ नका. मालकांनी विचारलंच, "स्पेअर आहे तर वर कशाला?" मी म्हटलं, खाली ठेवला तर गंजतो. इतकं फालतू उत्तर मी शिकाऊ असतानाही दिलं नसतं. त्यांनी मान डोलावली आणि मला शंभर रुपये जास्त दिले.

चवथ झाली. परवा त्यांचा फोन आला. आजींना उकाडा सहन होत नाही, त्यांच्या खोलीत एसी बसवायचा. "तो नऊ नंबर रिकामाच आहे ना, त्यावर घेऊ या. तुम्ही नीट लिहून ठेवलंत म्हणून बरं."

सोमवारी येतो म्हणालोय. बारा नंबरवर पडवीचे दोन दिवे आहेत, चौदावर कोठीचा एक. दोन्ही एकत्र केले तर चौदा मोकळा होतो, तिथे एसी सुरू होतानाचा झटका सोसणारा २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी बसेल, एसीला चार स्क्वेअरची जाड वायर वेगळी ओढता येईल. काम तासाभराचं. फक्त मालक टॉर्च धरून बाजूला उभे राहणार, आणि स्पेअर असताना चौदा कशाला रिकामा करताय, असं विचारणार. त्यांना सगळं कळायला हवं असतं. आणि प्लेटचे स्क्रू तर मला त्यांच्यासमोरच काढावे लागणार.