सळईचा आवाज

अमेरिकेतल्या चार्ल्सटनमधील जुन्या घरांच्या भिंतींवर बाहेरून लोखंडी चकत्या दिसतात. काही गोल, काही चांदणीच्या आकाराच्या, तर काहींवर सिंहाचे तोंड. ३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्री साउथ कॅरोलिनातील या बंदराला सुमारे ७ तीव्रतेचा भूकंप बसला. त्यानंतर फाटलेल्या भिंती एकमेकींना बांधण्यासाठी घराच्या आरपार सळया ओवल्या गेल्या आणि त्यांच्या टोकांना या चकत्या बसल्या. घर त्यांच्यावरच उभे आहे, असे पर्यटकांना ठासून सांगितले जाते. जुन्या बांधकामांची तपासणी करून पोट भरणाऱ्या मला या वाक्याने फार छळले आहे.

गेल्या हिवाळ्यात ज्या घराचे बोलावणे आले ते येथील प्रथेचे ‘सिंगल हाउस’ होते : रुंदीला एकच खोली, रस्त्याकडे अरुंद बाजू, आणि लांबीच्या बाजूला आपल्या ओसरीसारखा पिआझा. मालकांना वरच्या मजल्याची लाकडी जमीन बदलायची होती. सळया तपासाव्यात, हे त्यांच्या मनातही नव्हते, कारण चकत्या नुकत्याच सुरेख काळ्या रंगवलेल्या होत्या.

फळ्या निघाल्यावर मी सवयीने सळईवर हातोडी टेकवून मारली. ताणात असलेली सळई घंटेसारखी वाजते. ही वाजली नाही. चिखलात दगड पडावा तसा आवाज आला. मधला टर्नबकल, म्हणजे सळई ताणण्याचा आट्यांचा सांधा, ठणठणीत होता, त्याचे आटेसुद्धा शाबूत होते, म्हणून आम्ही भिंतीच्या तोंडाशी दोन विटा सोडवल्या. भिंतीच्या जाडीत गेलेली सळई पेन्सिलीएवढी उरली होती आणि भोवती गंजाचे पापुद्रे इतके फुगले होते की त्यांनीच विटा फोडल्या होत्या.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. ही भिंत मुळात कालवांच्या शिंपा भाजून केलेल्या चुन्यात बांधलेली. कोकणातल्या आमच्या आजोळच्या घराचा चुनाही खाडीच्या शिंपल्यांचाच होता, त्यामुळे त्याचा मऊपणा मला नखाने कळतो. असा चुना ओल घेतो आणि सोडतो. मधल्या काळात कोणा कंत्राटदाराने विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरल्या. ओल आत कोंडली, विटांना लोणा लागला आणि लोखंड गंजले. चुन्यात काम करणारा गवंडी महाग पडतो आणि सिमेंट पहिली दहा वर्षे देखणे दिसते, एवढ्यावर लोक शंभर वर्षांची भिंत पणाला लावतात.

सळई निकामी होऊनही भिंत ओळंब्यात जेमतेम बोटभर बाहेर होती. तिला धरून ठेवले होते ते जमिनीखालच्या लाकडी कड्यांच्या, म्हणजे तुळयांच्या, टोकांनी आणि जिथे सिमेंट पोहोचले नव्हते तिथल्या चुन्याने. मी अहवालात तसे लिहिले. मालक अस्वस्थ झाले, पण पहिला प्रश्न त्यांनी चकत्यांचा विचारला. त्या काढायच्या नव्हत्याच. या शहरात १९३१ पासून ऐतिहासिक भागाचा कायदा आहे आणि रस्त्यावरून दिसणारा बदल शहराच्या वास्तू-परीक्षण मंडळापुढे न्यावा लागतो. आम्ही स्टेनलेस स्टीलची नवी सळई ओवून जुनीच चकती तिच्या टोकाला बसवली आणि सिमेंट छिन्नीने, यंत्र न लावता, खरवडून काढले. माझ्याबरोबरच्या म्हाताऱ्या गवंड्याने या एका कामाला तीन आठवडे घेतले आणि एकाही विटेची कड उडवली नाही.

परसातल्या इमारतीपाशी मात्र मी अजून अडकलो आहे. खाली स्वयंपाकघर आणि वर गुलामांच्या खोल्या, अशी ती दुमजली वास्तू. तिथे एकही सळई नाही. खिडकीखालच्या एका विटेवर, ती ओली असताना उमटलेली चार बोटे आहेत, लहान मुलाची असावीत इतकी बारीक, आणि तिच्या शेजारूनच भेग वर जाते. ही इमारत माझ्या कंत्राटात नव्हती आणि रस्त्यावरून दिसतही नाही. मी तेव्हा मालकांना तोंडी सांगितले, अहवालात घातले नाही. ते घालायला हवे होते. निघताना, भेग हलते का ते कळावे म्हणून, तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून आलो. मार्चमध्ये पाहायला गेलो तेव्हा ती तडकलेली होती. त्यानंतर दोन पत्रे लिहिली आहेत. दुसऱ्याला उत्तर आले, त्यात नव्या जमिनीच्या पॉलिशबद्दल आभार मानले होते.