आमची वाटचाल : रापी, आरी आणि जुनी होल्स्टरं

वडिलांचं दुकान पुण्याच्या कॅम्पात, आठ बाय दहाचं. घोड्यांची जिनं, लगाम आणि लष्करी अधिकाऱ्यांचे सॅम ब्राउन पट्टे दुरुस्त करायचा धंदा. शाळा सुटली की मी मेणाच्या गोळ्यावरून दोरा ओढत बसायचो. पट्ट्याची गोष्ट वडील गिऱ्हाइकांना हौसेने सांगायचे. 1858 साली पिलिभीतजवळच्या लढाईत सॅम ब्राउन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा डावा हात गेला. तलवारीचं म्यान सावरायला हात उरला नाही, म्हणून त्यांनी कमरपट्ट्याला उजव्या खांद्यावरून जाणारा आडवा पट्टा जोडला. तलवार डावीकडे, रिव्हॉल्व्हरचं होल्स्टर, म्हणजे चामडी म्यान, उजवीकडे. "हा पट्टा आपल्या देशात जन्मला, तो आपणच नीट शिवायचा," असं वडिलांचं म्हणणं.

दुकान माझ्याकडे आलं तेव्हा जिनांचं काम आटलं होतं. एक निवृत्त कर्नलसाहेब आले. त्यांच्या वडिलांचं वेब्ली मार्क सहा हे ब्रिटिश रिव्हॉल्व्हर त्यांनी रीतसर परवान्यावर घेतलं होतं, होल्स्टर मात्र पार फाटलेलं. म्हणाले, अगदी असंच नवं करून दे. मी त्याच मापाने शिवलं. जुन्याच्या तळाची शिवण उसवलेली होती, ती नव्यात इमानदारीने बंद केली. चार दिवसांनी साहेब परत आले. रिव्हॉल्व्हर पुरतं आत जाईना. जुनं होल्स्टर मुळात मार्क पाचचं निघालं. मार्क पाचची नळी चार इंची, 1915 साली आलेल्या मार्क सहाची सहा इंची. कोणीतरी तळ उसवून काम भागवलं होतं आणि ते मला वाचता आलं नाही.

परवानाधारकाला आपलं हत्यार आमच्याकडे ठेवून जाता येत नाही, आणि आम्ही ते घेतही नाही. म्हणून रिव्हॉल्व्हरांच्या आकाराचे सागवानी साचे करून घेतले. ओलं चामडं साच्यावर दाबून बसवायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या व्हिक्टरी रिव्हॉल्व्हरसाठीच दोन साचे लागले. ब्रिटनकडे गेलेली पाच इंची नळीची, अमेरिकेने स्वतःला ठेवलेली मुख्यतः चार इंची. एनफिल्ड नंबर दोन या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरचा साचा मला सर्वांत आवडतो. डबल अ‍ॅक्शनमध्ये नुसता चाप ओढला तरी घोडा, म्हणजे गोळी उडवणारी मागची हातोडी, मागे जाऊन पडतो, तो अंगठ्याने आधी ओढावा लागत नाही. रणगाड्यात घोड्याचं टोक अडकायचं, म्हणून 1938 पासूनच्या प्रकारात ते टोकच काढून टाकलं. जुन्या होल्स्टरचं झाकण आतून पाहिलं तर बऱ्याचदा घोड्याच्या टोकाने पडलेला खळगा दिसतो. बिनटोकाच्या रिव्हॉल्व्हरसोबत असं खळगा पडलेलं होल्स्टर कोणी 'मूळ जोडी' म्हणून विकत असेल, तर जरा थांबावं.

आता ज्या कामाची आजही रुखरुख आहे, ते सांगतो. एका बाईंनी आजोबांचं होल्स्टर आणलं. चामडं लालसर भुकटी होऊन हाताला लागत होतं. मी ते स्पिरिटने पुसलं, तेल पाजलं, रंग दिला, जुने टाके काढून नवे घातले. चकचकीत झालं. बाईंनी झाकण उघडलं आणि विचारलं, "इथे आजोबांचं नाव होतं ना?" शाईने लिहिलेलं नाव माझ्याच फडक्याने गेलं होतं. पैसे मी घेतले नाहीत, पण नाव काही परत देता आलं नाही.

त्यानंतर आमच्याकडे जुन्याला जुनंच ठेवतात. आधी आतून-बाहेरून फोटो. बाणाच्या खाली इंग्रजी आय असा हिंदुस्थान सरकारचा शिक्का, टाक्यांची इंचाला संख्या, शाई, सगळं वहीत उतरवायचं. तुटलेला टाका जुन्याच भोकातून, मेणाच्या दोऱ्याने, दोन सुयांनी घालायचा. भोक मोठं करायचं नाही. भुकटी होणाऱ्या चामड्याला तेल अजिबात नाही. नवी प्रत करतो ती जुनी म्हणून खपू नये, म्हणून तिच्या आत आमचा ठसा आणि साल खोल उमटवतो. ठसा नको म्हणणारी गिऱ्हाइकं येतात, त्यांना आम्ही नाही म्हणतो.

2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. होल्स्टरला परवाना लागत नाही, त्यामुळे आमच्याकडे नुसती होल्स्टरं, पट्टे जमवणारेही येतात. मुठीबद्दल विचारणारेही वाढलेत. वेब्लीच्या मुठीच्या फळ्या कडक रबराच्या. उन्हात त्या तपकिरी-हिरवट पडतात, पॉलिशने काळ्या करू नयेत. व्हिक्टरीच्या अक्रोडाच्या उजव्या फळीच्या आतल्या अंगाला रिव्हॉल्व्हरचाच क्रमांक ठोकलेला असतो. तो जुळला की फळी मूळची. ते लाकूड घासून गुळगुळीत करायला सांगितलं तर मी हात जोडतो.

एक विनंती मात्र सगळ्यांना करतो. रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नका. चामडं दमट हवा धरतं, पोलादावर गंज चढतो आणि पितळी बटणाला हिरवा कळक येतो. दोन्ही वेगवेगळी, कोरडी ठेवा.

सध्या मेजावर व्हिक्टरीचं एक होल्स्टर आहे. झाकणाच्या आत पुसट अक्षरं आहेत. मुलीने भिंग लावून तीन अक्षरं वहीत उतरवली आहेत. ती पुरी वाचून होईपर्यंत त्याला फडकं लागणार नाही.