कृष्णेच्या पातळ्यांची लिस्ट: लूपच्या दोन टोकांवरची शोधाशोध

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळ्यांचा, पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला आमचा प्रोग्रॅम आता रोजचा चढउतार बरोबर काढतो आणि तीन दिवसांची सरासरीही बरोबर देतो. सलग किती दिवस पाणी इशारा पातळीच्या वर राहिलं, हे काम अजून अर्धवट आहे. माझ्या मागच्या टिपणानंतरचा जवळजवळ सगळा वेळ लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोडचा भाग) आणि इंडेक्स (लिस्टमधल्या नोंदीचा क्रमांक) यांच्या चुका शोधण्यात गेला. त्या तपशिलाने लिहितो आहे, कारण पायथॉन नव्याने शिकणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांची गाडी इथेच अडते.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. सांगलीत पावसाळा सुरू झाला की कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ किती फुटांवर आहे, हे रोज विचारलं जातं. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हापासून शाळकरी पोरांनाही हे आकडे पाठ आहेत. म्हणून शिकायला हाच विषय घेतला. विश्रामबागेत आम्ही काही जण बसतो: माझा भाचा, त्याचे कॉलेजचे दोन मित्र आणि हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणारे एक काका. पेपरात आलेल्या पातळ्या हाताने फाइलमध्ये भरायच्या आणि त्यांच्यावर लिस्टची, म्हणजे ओळीने ठेवलेल्या नोंदींच्या यादीची, कामं करायची, एवढाच पसारा आहे. खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, आणि आकडे तपासणीसाठी मुद्दाम घेतलेले आहेत, प्रत्यक्ष नोंदी नव्हेत.

चढउतारापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त शिकायला तिथे मिळालं. लिस्ट अशी: ३२, ३५, ४१, ४४, ३९. उद्याच्या पातळीतून आजची वजा करायची. भाच्याने लिहिलं: आय हा रेंज(लेन(पातळी)) मधून (लेन लिस्टची लांबी देतं, रेंज ० पासून त्या लांबीच्या एक आधीपर्यंतचे आकडे देतं) फिरेल आणि प्रत्येक वेळी पातळी[आय + १] - पातळी[आय] छापेल. चार ओळी नीट छापल्या गेल्या आणि पाचव्याला 'लिस्ट इंडेक्स आऊट ऑफ रेंज', म्हणजे तो क्रमांक लिस्टमध्ये नाही, अशी एरर. इंडेक्स ० पासून सुरू होतो, म्हणजे शेवटचा आहे ४. आय जेव्हा ४ होतो तेव्हा इंडेक्स ५ ची मागणी होते, आणि तिथे काहीच नाही. तासगावकडच्या द्राक्षबागेत एका ओळीत ५ खांब असतील तर मधले गाळे ४ च असतात, तसंच पाच नोंदींमध्ये चारच फरक असणार. रेंज(लेन(पातळी) - १) केलं की काम झालं. रिकामी लिस्ट किंवा एकच नोंद असली तरी हे चालतं, कारण रेंज(-१) आणि रेंज(०) दोन्ही एकही फेरी करत नाहीत.

पण एका मित्राने दुसरा उपाय केला होता. पुढे बघायचं नाही, मागे बघायचं: पातळी[आय] - पातळी[आय - १]. लूप तसाच, पूर्ण लांबीचा. एरर गेली, पाच ओळी छापल्या गेल्या, सगळे खूश. काका मात्र पहिल्या ओळीवर थांबले. तिथे -७ होतं. पहिल्याच दिवशी पाणी ७ फूट उतरलं? कुणाच्या तुलनेत? आय ० असताना आय - १ म्हणजे -१, आणि पायथॉनमध्ये -१ म्हणजे शेवटची नोंद. त्यामुळे ३२ मधून ३९ वजा झाले. सी किंवा जावा यांत ऋण इंडेक्सला असा अर्थ नाही. पायथॉनमध्ये ही मोठी सोय आहे, आणि नवशिक्याचा सगळ्यात मोठा धोकाही हाच, कारण प्रोग्रॅम थांबत नाही. बंद पडणारी चूक ओळ दाखवून देते. चालत राहणारी चूक आकडा देते, आणि आकड्यावर माणसाचा चटकन विश्वास बसतो.

काकांनी मग जे सुचवलं ते मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाचं वाटतं. ते म्हणाले, ‘‘रोजच्या सगळ्या फरकांची बेरीज अखेर शिल्लक वजा आरंभीची शिल्लक एवढी यायला नको का? वही तर अशीच जुळवतात.’’ बरोबरच आहे. ३, ६, ३ आणि -५ यांची बेरीज ७, आणि ३९ वजा ३२ हेही ७. चुकीच्या लूपमध्ये -७ जादा आल्याने बेरीज शून्य होते. आणि ती कुठल्याही लिस्टसाठी शून्यच होणार, कारण पहिली नोंद शेवटच्या नोंदीला जोडून आपण गोल पूर्ण केलेला असतो. ही जुळणी आता फंक्शनच्या शेवटी असर्ट (अट खरी नसेल तर प्रोग्रॅम थांबवणारी आज्ञा) म्हणून कायमची बसवली आहे. चढउतार काढणाऱ्या प्रत्येकाने ती लावावी असं मी आग्रहाने सांगेन.

फाइल वाचण्यातली इंडेक्स एरर मात्र पटकन सापडली. पातळी '४० फूट ६ इंच' अशी लिहिलेली असते. स्प्लिट() ने ओळ मोकळ्या जागांवर तोडली की चार तुकडे होतात आणि तिसरा, म्हणजे इंडेक्स २ चा तुकडा, इंचांचा. पण पाणी नेमकं ४१ फुटांवर असलं की ओळ नुसती '४१ फूट' असते, तुकडे दोनच, आणि इंडेक्स २ मागितला की एरर. फाइलच्या शेवटच्या रिकाम्या ओळीत तर इंडेक्स ० सुद्धा नसतो. इथे ट्राय-एक्सेप्ट लावून 'पास' करायचा, म्हणजे एरर पकडून काहीच न करता पुढे जायचा, मोह सगळ्यांना होतो. तसं केलं असतं तर नेमक्या फुटांवरचे सगळे दिवस गुपचूप गळाले असते. आम्ही तुकड्यांची लांबी आधी तपासतो: दोन असतील तर इंच शून्य, चार असतील तर दोन्ही घ्यायचे, शून्य असतील तर पुढची ओळ, बाकी काहीही असेल तर ती ओळ छापून थांबायचं. इंच बाराने भागायचे हेही ध्यानात ठेवा: ४० फूट ६ इंच म्हणजे ४०.५, ४०.६ नव्हे. एक आनंदाची गोष्ट म्हणजे मजकुरातून आलेलं '४५' देवनागरीत असलं तरी इंट() (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) ते बिनतक्रार वाचतं. कोडमध्ये थेट आकडा म्हणून लिहिलं तर मात्र चालत नाही.

आता गाळलेल्या नोंदी. ज्या दिवशी आकडा मिळाला नाही तिथे आम्ही पायथॉनचा 'नन' ('काहीच नाही' हे दाखवणारं मूल्य) ठेवतो. ते काढून टाकायला पोरांनी सरळ मार्ग घेतला: लिस्टवर लूप चालवायचा, नन दिसला की रिमूव्ह() ने काढायचा. बऱ्याच फाइलींवर हे बरोबर चाललं. मग एका फाइलमध्ये सलग दोन दिवस रिकामे होते, आणि साफ केलेल्या लिस्टमध्ये एक नन शिल्लक राहिला. ‘‘मामा, हा कसा काय सुटला?’’

कागदावर तक्ता काढला. लिस्ट: ३२, नन, नन, ४१. फॉर लूप आतल्या आत एक इंडेक्स मोजत जातो. इंडेक्स ० वर ३२, ठीक. इंडेक्स १ वर नन, काढला. आता लिस्ट ३२, नन, ४१ अशी आखडली आणि दुसरा नन सरकून इंडेक्स १ वर आला. पण लूप तर २ वर निघून गेला. तिथे ४१ आहे, आणि संपलं. एकेकटे नन असतील तर त्यांच्यानंतरची चांगली नोंद तपासायची राहते, आणि तिच्यात काढण्यासारखं काही नसल्याने दोष दिसतच नाही. हेच काम रेंज(लेन(...)) आणि पॉप(आय) ने, म्हणजे त्या इंडेक्सची नोंद काढून, केलं तर शेवटी इंडेक्स एरर येते, कारण लांबी सुरुवातीलाच ४ अशी मोजलेली असते आणि लिस्ट तोवर ३ ची झालेली असते. चूक तीच, एका रूपात गप्प, दुसऱ्या रूपात बोलकी. डिक्शनरीवर (नाव आणि त्याचं मूल्य अशा जोड्यांच्या संग्रहावर) लूप चालू असताना नोंद कमीजास्त केली तर पायथॉन स्वतः एरर देऊन थांबतो. लिस्टच्या बाबतीत तो काहीच बोलत नाही.

उलट्या दिशेने फिरून पॉप केलं तर सरकलेल्या नोंदी आधीच तपासलेल्या असतात, म्हणून ते चालतं. तरी मला नवी लिस्ट बनवणंच बरं वाटतं: जुनीतल्या चांगल्या नोंदी नव्या लिस्टमध्ये घ्यायच्या, जुनीला हात लावायचा नाही.

यातून दुसरा प्रश्न निघाला, तो जास्त खोल होता. तारखांची लिस्ट वेगळी आणि पातळ्यांची वेगळी होती. पातळ्यांमधून नन काढले, तारखा तशाच राहिल्या. झिप() ने दोन्ही एकास एक नोंद अशा जोडल्या तर तो जी लिस्ट छोटी तिच्यापाशी निमूटपणे थांबतो. एरर नाही, पण नन नंतरची प्रत्येक पातळी चुकीच्या तारखेला चिकटलेली. पायथॉन ३.१० पासून झिपला स्ट्रिक्ट=ट्रू सांगता येतं, मग लांबी जुळली नाही की तो थांबून सांगतो. ते लावलंच, पण खरा उपाय म्हणजे तारीख आणि पातळी ही जोडी पहिल्यापासून एकत्र ठेवणं. आता लिस्टमधली प्रत्येक नोंद म्हणजे एक जोडी. आणि चढउतारासाठी नन काढतही नाही. मधला दिवस गाळून ३२ वरून ४१ गेलं तर तो दोन दिवसांचा फरक झाला, त्याला एका दिवसाची वाढ म्हणणं चूक. म्हणून शेजारच्या दोन्ही नोंदी असतील तरच फरक काढतो. वहीजुळणीची बेरीजही मग अखंड तुकड्यापुरतीच लावतो.

तीन दिवसांच्या सरासरीत स्लाइसने, म्हणजे लिस्टचा सलग तुकडा घेण्याच्या रीतीने, फसवलं. पातळी[आय : आय + ३] ची बेरीज भागिले ३, आणि लूप पुन्हा पूर्ण लांबीचा. स्लाइस लिस्टच्या बाहेर गेली तरी एरर येत नाही, असेल तेवढंच मिळतं. वरच्याच लिस्टवर पहिल्या सरासऱ्या ३६, ४० आणि ४१.३३ अशा बरोबर आल्या. मग २७.६७ आणि शेवटी १३. आलेखावर पूर झपाट्याने ओसरताना दिसत होता! शेवटच्या तुकड्यात एकच नोंद होती, ३९, आणि तिला आपण ३ ने भागत होतो. ५ नोंदींत ३ च्या खिडक्या ३ च बसतात, म्हणून रेंज(लेन(पातळी) - २). स्लाइसचीच आणखी एक खोडी: शेवटचे के दिवस हवेत म्हणून पातळी[-के:] लिहिलं आणि के शून्य आलं, तर काहीच न मिळता पूर्ण लिस्ट हाती येते, कारण -० म्हणजे ०.

रेंजचं शेवटचं टोक वगळलेलं का, हे पोरं पुन्हा पुन्हा विचारतात. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एका छोट्या टिपणात याचा युक्तिवाद मांडला आहे. सुरुवात धरायची आणि शेवट वगळायचा, म्हणजे दोन टोकांची वजाबाकी केली की थेट नोंदींची संख्या मिळते, आणि एक पट्टा संपतो तिथूनच दुसरा सुरू होतो. जूनच्या नोंदी [०:३०] आणि जुलैच्या [३०:६१] घेतल्या की हे पटतं. कुठे एक मिळवायला नको, कुठे वजा करायला नको.

आलेखावरच्या ठिकाणांची नावं हा खास आपल्या लिपीचा प्रश्न. जागा कमी म्हणून नावाची पहिली तीन अक्षरं घ्यायची ठरलं. कराडचं 'करा' झालं, भिलवडीचं 'भिल', आणि म्हैसाळचं 'म्ह'. पायथॉन काना, मात्रा, हलन्त यांना वेगवेगळं मोजतो. म्हैसाळ वाचताना तीन अक्षरं, पण लेन() सांगतो ७. तेव्हा देवनागरी शब्दांवर इंडेक्स चालवायच्या भानगडीत पडू नका. आम्ही लघुनावं हातानेच एका डिक्शनरीत लिहिली. व्हेरिएबलची (कोडमध्ये मूल्य ठेवायच्या जागेची) नावं पायथॉन ३ मध्ये मराठीत चालतात, पण काही कीबोर्ड 'दुसऱ्या' मधला अर्धा र अदृश्य जोडचिन्ह घालून उमटवतात, ते व्हेरिएबलच्या नावात चालत नाही. असे शब्द नावात टाळले.

शोधायची रीत आता ठरून गेली आहे. एररची शेवटची ओळ आधी वाचायची. पायथॉन ३.११ पासून ओळीतला नेमका भागही खुणेने दाखवतात, त्याचा फार उपयोग होतो. मग त्या ओळीच्या आधी आय आणि लांबी छापायची. आणि एरर असो वा नसो, फंक्शन शून्य, एक, दोन आणि तीन नोंदींच्या लिस्टवर चालवून कागदावरच्या उत्तराशी ताडायचं. तीनशे नोंदींवर न दिसणारी चूक दोन नोंदींवर लगेच दिसते.

राहिलं ते सलग दिवसांचं काम. लिस्ट ३८, ४१, ४२, ३९, ४१, ४३, ४४. पाणी ४० किंवा वर असेल तर मोजणी वाढवायची, खाली गेलं की आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या संख्येशी ताडून मोजणी शून्य करायची. उत्तर आलं २. खरं उत्तर ३. शेवटचा पट्टा कधी तुटलाच नाही, म्हणून ताडायची वेळच आली नाही. लिस्टच्या शेवटी खोटा ० जोडण्याची युक्ती पुष्कळ जण वापरतात, पण आमच्याकडे तीच लिस्ट चढउतारालाही जाते, तिथे तो ० घोटाळा करेल. त्यामुळे मोजणी वाढली की त्याच फेरीत ताडायचं, असं केलं. ही लिस्ट तपासणीत घातली आहे आणि उत्तर ३ येतं.

अडलंय ते पट्ट्याच्या मध्ये नन आला तर काय, यावर. ४३, नन, ४४ असेल तर पट्टा अखंड धरावा असं भाच्याचं म्हणणं, कारण दोन्ही बाजूंना पाणी इशारा पातळीच्या बरंच वर आहे. काकांचं म्हणणं, जी नोंद नाही ती धरायची नाही. मी सध्या दोन्ही उत्तरं वेगवेगळी छापतो आहे: नक्की दिवस इतके, मधले रिकामे धरले तर इतके. पावसाच्या किंवा धरणाच्या नोंदींवर कुणी असं काम केलं असेल तर तुम्ही काय नियम लावला, ते जरूर कळवा.