काजूची नवी लागवड, रानमोडी आणि तणनाशक: माझा अनुभव

सावंतवाडी तालुक्यात आमची काजूची जमीन दोन तुकड्यांत आहे. खाली वडिलांनी लावलेली जुनी बाग आणि तिच्या डोक्यावर डोंगरउताराचा एक तुकडा, ज्याच्याकडे बरीच वर्षं कुणी फिरकलंच नव्हतं. तिथे रानमोडी, हे झुडपासारखं वाढणारं तण, माणसाच्या डोक्यावर गेली होती. मधे मधे घाणेरीच्या जाळ्या आणि त्या सगळ्यावर चढलेल्या वेली. या वरच्या तुकड्यात वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जातींची कलमं लावायची ठरली, तेव्हा कलमं कुठून आणायची याची चिंता नव्हती, ती मिळतात. आधी जमीन दिसायला हवी होती.

कोकणात बाग साफ करायची म्हणजे बेणणी. पूर्वी कोयत्याने होई, आता ग्रासकटरने होते. पण माणसं मिळणं कठीण. गणपतीच्या आसपास तर गावातला गडी देवाच्याच कामाला, आणि नेपाळी कामगार आंब्याच्या बागांनी आधीच बांधून घेतलेले. त्यातून रानमोडी नुसती कापून भागत नाही. बुंध्याला गाठीसारखा भाग असतो, तिथून ती पुन्हा चार-पाच फांद्यांनी फुटते आणि दिवाळीपर्यंत परत कमरेला लागते. डिसेंबर-जानेवारीत फुलली की तिचं कापसासारखं बी वाऱ्यावर अख्ख्या डोंगरभर जातं. मूळची ती अमेरिका खंडातली, इथली नव्हे. लहानपणी खरचटलं की तिचाच पाला चोळून लावायचो आणि रक्त थांबायचं, त्यामुळे तिच्यावर माझा पूर्ण राग कधीच नव्हता. बागेत मात्र ती नको.

जेसीबी लावून सगळं उपटून काढा, असाही सल्ला मिळाला. आमच्याकडे जांभ्यावर मातीचा थर कसाबसा असतो. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात उतार उघडा केला तर पहिल्याच जूनमध्ये ती माती व्हाळात, म्हणजे ओढ्यात. तात्या, म्हणजे माझे चुलते, तणनाशकाचं नाव निघाल्यावरही हेच म्हणाले, "तण मारशीत रे, पन माती व्हावान गेली तर ती खंयसून हाडतलंस?" माती वाहून गेली तर ती कुठून आणणार, हा त्यांचा प्रश्न मला बरोबर वाटला. पुढे जे काही केलं ते त्या प्रश्नाला धरूनच केलं.

दुकानात गेलो तेव्हा समोर दोन बाटल्या आल्या. एक ग्लायफोसेट 41 टक्के, दुसरी पॅराक्वाट. दुकानदाराचं म्हणणं, पॅराक्वाट मारलं की दोन दिवसांत रान पिवळं, पैसे वसूल. खरंच आहे ते. पण पॅराक्वाट जिथे लागेल तेवढाच हिरवा भाग जाळतं, मुळापर्यंत जात नाही. रानमोडीला त्याने काय होणार? पंधरवड्यात पुन्हा फुटणार. शिवाय त्यावर पिवळा त्रिकोण, म्हणजे फार विषारी, आणि पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. गावातल्या घरात, जिथे पोरं-सोरं फिरतात, असली बाटली मला ठेवायचीच नव्हती. कुणीतरी 2,4-डी सुचवलं. ते रुंद पानाच्या झाडांवर चालतं, आणि काजूही रुंद पानाचाच. त्याचा एस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन सरकतो. गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, शेजाऱ्याची मिरची आणि वालीचा मांडव होता. तो विषय तिथेच मिटला.

राहिलं ग्लायफोसेट. ते हिरव्या पानातून आत जातं, अन्नरसाबरोबर मुळांपर्यंत पोचतं आणि वनस्पतीला काही अमिनो आम्लं बनवण्यासाठी लागणारा एक विकर (एन्झाइम) अडवतं. 1974 पासून बाजारात आहे. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामक संस्थांचा निष्कर्ष वेगळा आहे. हा वाद मी सोडवू शकत नाही. माझ्यापुरता अर्थ एवढाच काढला की वापर कमीत कमी ठेवायचा आणि अंगावर येऊ द्यायचं नाही.

मग लेबल वाचलं. आपण लेबल म्हणजे बाटलीची शोभा समजतो, खरं तर सगळं तिथेच असतं. माझ्या हातातल्या बाटलीवर वापराची ठिकाणं दोनच होती: चहाचे मळे आणि पीक नसलेली जमीन. काजूचं नाव कुठेच नाही. म्हणजे उभ्या काजूच्या बागेत ते मारणं लेबलबाहेरचं. वरचा तुकडा मात्र लागवडीआधीची पडीक जमीन होता. तिथे बसत होतं. दुसरी गोष्ट याहून मोठी. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणले: फवारणी पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच व्हावी, इतर कुणी वापरू नये. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. बाटली काउंटरवर येते, पिशवीत जाते.

परवानाधारक ऑपरेटर शोधणं हा सगळ्यात वेळखाऊ भाग होता. बहुतेकांचं काम वाळवीचं, हॉटेलांचं, गोदामांचं. डोंगरावर चढून रानमोडीवर फवारायला येतो का, म्हटल्यावर फोनवर हसू ऐकू यायचं. शेवटी एक जण तयार झाला. परवान्याची प्रत मागितली तर त्याला जरा अपमान वाटला, पण त्याने दिली.

वेळेचं गणित मात्र माझंच होतं, कारण पाऊस आमचा. जुलैमध्ये ग्रासकटरने सगळं एकदा कापून घेतलं, मुळं जमिनीत तशीच ठेवून. डोक्याइतक्या उंच रानमोडीवर फवारलं असतं तर निम्मं औषध वरच्या पानांवर आणि निम्मं फवारणाऱ्याच्या तोंडावर. कापल्यावर जो नवा फुटवा आला तो सप्टेंबरअखेर गुडघ्याएवढा, कोवळा, रसरशीत झाला, आणि फुलायला अजून अवकाश होता. ग्लायफोसेटला असंच पान लागतं. धुळकट, सुकत चाललेल्या पानातून ते आत जात नाही, म्हणून डिसेंबरमध्ये मारणारे नंतर औषधाला शिव्या देतात.

फवारल्यावर निदान सहा तास पाऊस नको. गणपती गेल्यावर आमच्याकडे उघाडी मिळते, पण दुपारनंतर गडगडून सर येण्याचाही तोच मोसम. म्हणून काम सकाळी, दव सुकल्यावर आणि वारा सुटायच्या आत. पाणी व्हाळाचं घ्यायला माणसं निघालीच होती, ते थांबवलं. पावसाळ्यात व्हाळाचं पाणी गढूळ असतं, आणि ग्लायफोसेट मातीच्या कणाला चिकटून बसतं. गढूळ पाण्यात कालवलं तर ते टाकीतच निकामी होतं. विहिरीचं स्वच्छ पाणी खांद्यावरून वर नेलं. बोलणी खाल्ली, पण नेलं.

प्रमाणाचा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. ऑपरेटरचा माणूस टोपणाच्या मापाने ओतायला निघाला होता. एका पंपाला दोन टोपणं, रान दाट असेल तर तीन. मी त्याला आधी साधं पाणी भरायला लावलं. दहा बाय दहा मीटरचा चौकोन दोरीने आखला आणि म्हटलं, नेहमीच्या चालीने फवार. चार लिटर पाणी लागलं. म्हणजे हेक्टरी चारशे लिटर. औषध हेक्टरी अडीच लिटर द्यायचं होतं, तर लिटरमागे सव्वासहा मिली, पंधरा लिटरच्या पंपाला साधारण 94 मिली. प्रत्येक माणसाची चाल वेगळी, नोझल वेगळं, म्हणून हा हिशेब शेजाऱ्याकडून उसना घेता येत नाही. नोझल फ्लॅट फॅनचं, म्हणजे पंख्यासारखा सपाट फवारा देणारं, बसवलं आणि दाब कमी ठेवला. धुक्यासारखा बारीक फवारा कीटकनाशकाला ठीक, तणनाशकाला तो नको, कारण तोच उडून दुसरीकडे जातो. उताराच्या खालच्या कडेला, जिथून जुनी बाग सुरू होते, तिथे नोझलवर प्लॅस्टिकचं हुड लावलं आणि शेवटचा पट्टा फवारलाच नाही, हाताने बेणला.

गमबूट, हातमोजे, चष्मा, मास्क. उकाड्यात हे सगळं घालून डोंगरावर काम करणं नकोसं होतं, हे मान्य. पण 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकं फवारताना वीसहून जास्त माणसं दगावली, ती आठवण आपल्या राज्यात तरी पुसली जायला नको. काम चालू असताना तंबाखू मळायची नाही ही अट मात्र पाळून घेताना माझी दमछाक झाली.

फवारल्यावर आठवडाभर काहीच दिसलं नाही. येणारा-जाणारा म्हणायचा, फसवलं तुम्हाला, पाणीच मारलं. मग पानं फिकी झाली, पिवळी पडली, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत देठासकट वाळली. या काळात कापायची घाई करायची नाही, ते मुळापर्यंत उतरायला वेळ लागतो. रानमोडी जवळजवळ सगळी गेली. घाणेरी निम्मी-शिम्मी. जुन्या खुंटांना पाला कमी, आत जाणार कुठून? ती पुढे कुदळीने खणून काढली. लव्हाळा वरून जळाला आणि जमिनीतल्या गाठींतून हसत परत आला.

वाळलेलं रान जाळायचं नाही यावर मी अडून बसलो. कापून ते उताराला आडवं रांगांनी पसरलं. मुळं मेली तरी जमिनीत होती, माती धरून. पुढच्या पावसात त्या रांगांच्या वरच्या अंगाला गाळ साठलेला तात्यांनी स्वतः काठीने उकरून बघितला. बोलले काही नाहीत. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ.

उन्हाळ्यात सात बाय सात मीटरवर खड्डे घेतले, जूनमध्ये कलमं लावली. जमिनीत औषध राहून कलमं मरतील अशी भीती अनेकांनी घातली होती. ग्लायफोसेट मातीला घट्ट बांधलं जातं आणि मुळांना सहसा मिळत नाही, आमची लाल माती तर त्यासाठी फारच चिकट. कलमांना काही झालं नाही. पण याच गुणाची दुसरी बाजू अशी की मातीत पडलेल्या बियांनाही काही होत नाही. पहिल्या पावसात रानमोडीचं बी हिरव्या चादरीसारखं उगवलं. ती रोपं वीतभर असताना, ओल्या मातीतून, हाताने सहज उपटून येतात. तेव्हा गाठलं तर काम हलकं, श्रावणापर्यंत थांबलं तर पुन्हा कोयता.

लागवडीनंतर कलमांच्या आसपास मी तणनाशक येऊ दिलं नाही. लेबलचा मुद्दा आहेच. दुसरं, कोवळ्या कलमाची साल हिरवी असते आणि ती पानासारखंच औषध शोषते. कलमाच्या सांध्याखालून खुंटाचे फुटवे येतात, त्यांच्यावर थेंब गेला तरी पुरे. ओळखीच्या एका बागेत अशी कलमं पाहिली आहेत: पानं दोरीसारखी अरुंद, शेंड्याला झुपका, आणि मालक मात्र टी मॉस्किटो या रस शोषणाऱ्या किडीवरचं औषध मारतोय, ही तणनाशकाची इजा आहे हे त्याला कळलेलंच नाही. आळ्यात गिरिपुष्पाचा पाला जाड थरात घातला. तण थांबतं, ओल टिकते. खोडाजवळ मात्र थोडी जागा मोकळी ठेवायची, नाहीतर खोड पोखरणारी अळी लागलेली कळत नाही. भुसा आणि डिंक दिसला पाहिजे.

जुन्या बागेत तणनाशक नाहीच. काजूची बी झाडावरून काढत नाहीत, बोंडूसकट खाली पडते आणि जमिनीवरून वेचतात. कॅलिफोर्नियातल्या बदामाचीही तीच तऱ्हा, तिथे यंत्राने झाड हलवून बदाम जमिनीवर पाडतात. म्हणून काढणीआधी झाडाखालची जमीन स्वच्छ लागते, आणि तिकडे झाडांच्या ओळींत तणनाशकाचे पट्टे मारणं हा नेहमीचा रिवाज. वर्षानुवर्षं एकच औषध मारल्याने काय होतं हेही बागायतदारांना कळून चुकलंय. ग्लायफोसेटला दाद न देणारं रायग्रास ऑस्ट्रेलियात 1996 मध्ये सापडलं, आणि नंतर कॅलिफोर्नियाच्या बागांतही. आमच्या मोठ्या झाडांखाली सावलीमुळे मुळातच तण कमी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ग्रासकटरने एकदा जमिनीलगत कापलं की फेब्रुवारीत बी वेचायला अडचण येत नाही. दोन ओळींमधलं गवत मुळासकट काढतच नाही, ते उतार धरून ठेवतं.

आणखी एक हिशेब आहे. काही खरेदीदार सेंद्रिय मालाला जास्त दर देतात आणि प्रमाणपत्रासाठी बहुवार्षिक पिकाला तीन वर्षांचा रूपांतराचा काळ लागतो. वरच्या तुकड्यात लागवडीआधीच फवारणी झाली, आणि कलमाला बरं उत्पन्न यायला तेवढी वर्षं जातातच. जुन्या बागेत एक पंप मारला तर धरतं पीक सेंद्रियमधून बाहेर जातं.

आता औषध लागतं ते फक्त वरच्या गडग्यालगतच्या जाळपट्ट्याला. डोंगरावरून वणवा येतो तो तिथूनच, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काजूच्या बागेत आग शिरली तर काही उरत नाही. हा पट्टाही हिरवा असतानाच, ऑक्टोबरच्या आरंभी फवारून घ्यावा लागतो, मग वाळल्यावर झाडून काढायचा. तणनाशकाचा पंप वेगळा, त्याला लाल फीत बांधलेली. मोहोरावर फवारायच्या पंपाशी त्याची गाठ पडू द्यायची नाही. ऑपरेटरला गणपतीच्या आधीच सांगून ठेवतो, कारण आता त्याला आमच्या वाडीतल्या आणखी दोघांनी बोलावलंय आणि उघाडी सगळ्यांना एकदमच मिळते.