टाकळ्याचं गणित

मुलुंडला आमच्या समोरची इमारत रीडेव्हलपमेंटसाठी पाडली आणि पुढे बिल्डरचं घोडं कुठेतरी अडलं. चार पावसाळे प्लॉट तसाच. दर मे महिन्यात जेसीबी येऊन तो खरवडून जातो आणि आषाढ लागेस्तोवर तिथे टाकळा माजतो. आई पिशवी घेऊन जाते, कोवळा पाला खुडते. लसूण, ओलं खोबरं, घरात असल्या तर फणसाच्या आठळ्या. ही भाजी फुकटची, असं मी समजत होतो. ती जेसीबीची कृपा आहे.

कारण एका कोपऱ्यात राडारोड्यामुळे जेसीबी पोचत नाही, तिथे सुबाभूळ उभी राहिलीय. तिच्या सावलीत टाकळ्याचं एक रोप नाही.

गॉज या रशियन शास्त्रज्ञाने पॅरामेशियम या एकपेशीय सूक्ष्मजीवाच्या दोन जाती एकाच खाण्यावर एकत्र वाढवल्या. एक टिकली, दुसरी संपली. हे 1934 मध्ये छापून आलं. मग बाहेर एवढ्या जाती नांदतात कशा? एक उत्तर, गणिती सूत्रात मांडलेलं, असं, की जागा सतत रिकाम्या होत राहतात. दांडगा तिथे पोचायला वेळ लावतो, तेवढ्यात चपळ दुबळा आपला संसार उरकून घेतो. (टाकळा खरं तर पळतही नाही. टणक बिया मातीत दबा धरून बसतात. सुबाभूळ पळतेही आणि दांडगाईही करते. सूत्राला मुलुंड कुठलं माहीत असायला!)

याच सूत्रावर 1994 मध्ये डेव्हिड टिलमन, रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागा कायमच्या नष्ट करून पाहिल्या, कागदावरच. निकाल वाचून मी दोनदा आकडेमोड केली. सगळ्यात दांडग्या जातीने शंभरातल्या वीस जागा धरल्या असतील, तर कुठल्याही वीस जागांवर सिमेंट पडलं की ती संपते. उरलेल्या ऐंशी जागा तिच्या उपयोगाच्या नाहीत, कारण तिथवर ती वेळेत पोचतच नाही. तेही लगेच कळत नाही. उभी झाडं हिरवीगार दिसत राहतात, उधारी वर्षानुवर्षं चढत असते. दुबळा चपळ मात्र निभावून नेतो.

यंदा समोर निळे पत्रे लागले. वॉचमन म्हणाला, "काकू, आता आत सोडता येणार नाही."

आईने पिशवीची घडी घातली आणि मला विचारलं, "स्टेशनजवळची ती जुनी सोसायटी कधी पाडणारेत रे?"