पॅरिसमध्ये सही नव्हे, पत्र बघावं

आयफेलची रांग आणि लूव्रची गर्दी यांवर लिहिण्यासारखं काही नाही. सेनच्या डाव्या काठावर, सँ-जर्मँच्या गल्ल्यांत जुन्या पत्रांची दुकानं आहेत, तिथल्या फ्रेमा मात्र डोक्यात गेल्या. वर विचारवंताचं चित्र, खाली दोन बोटं रुंद पट्टीवर त्याची सही. एकोणिसाव्या शतकातल्या हौशी लोकांनी पत्रं कापून सह्या अल्बमात डकवल्या, त्यातलेच हे तुकडे. मजकूर गेला, तारीख गेली, कोणाला लिहिलं तेही गेलं. अशी पट्टी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पडताळायला हातात काहीच उरत नाही.

दुकानात शिरताना ‘बाँझूर’ म्हणायचं. शिष्टाचार एवढाच. दुकानाच्या यादीत पत्रापुढे ‘एल. ए. एस.’ असेल तर मजकूर आणि सही दोन्ही त्या माणसाच्या हातची. नुसतं ‘एल. एस.’ म्हणजे मजकूर लेखनिकाचा. अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक वोल्तेअर याच्या बाबतीत हा फरक कळीचा, कारण त्याची कितीतरी पत्रं सचिव वान्येरच्या अक्षरात आहेत. दर मजकुरावर ठरतो: जेवणाच्या निमंत्रणाला वेगळा, वादाच्या पत्राला वेगळा.

तिथून केई द काँतीवरचा आँस्तित्यू द फ्रान्स, म्हणजे विज्ञान अकादमीसारख्या फ्रेंच विद्वत्सभांची संस्था, चालत पाच-दहा मिनिटांवर. संग्राहकाने हा घुमट बघावाच. विज्ञान अकादमीत 1867 मध्ये गणिती मिशेल शाल यांनी सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती पास्काल याची पत्रं मांडली, गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधी पास्कालला सापडल्याचा दावा करत. त्या पत्रांच्या तारखांना न्यूटन शाळकरी पोर होता! व्रँ-ल्यूका नावाच्या माणसाने शाल यांना सुमारे 27,000 बनावट पत्रं विकली होती. त्यांत क्लिओपात्राचंही होतं, तेही फ्रेंचमध्ये. 1870 मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली.

हा गडी जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडून वापरायचा. म्हणजे कागद खरा, आणि नुसत्या कागदावर विसंबणारा फसला. अतिनील टॉर्चखाली साधारण 1950 नंतरचा कागद निळसर चमकतो, कारण त्यात उजळक रसायनं असतात. जुना चिंध्यांचा कागद मंद राहतो. पण या चाचणीत व्रँ-ल्यूकाही पास झाला असता. म्हणून भिंग शाईवर धरायचं. जुन्या कागदाची खळ, म्हणजे शाई पसरू न देणारा लेप, मेलेली असते, त्यावर आज लिहिलं की शाई कडेने फुटते. घडीच्या रेघेत शाई उतरली असेल तर आधी घडी, मग लेखन; खऱ्या पत्रात उलट असतं. मायफळ आणि हिराकशीची शाई काळाने तपकिरी होते, कागद खाते, कधी मागच्या बाजूने अक्षर उमटतं. सगळीकडे सारखा तपकिरी रंग आणि कागदाला जराही इजा नाही, असं असेल तर शंका घ्यावी. 1840 च्या आधीच्या पत्राला लिफाफा बहुधा नसतोच. पानच दुमडून लाखेने बंद करत, त्यामुळे मोहोर फोडताना फाटलेला तुकडा दिसला तर तो दोष मानू नये.

आणि मालकीचा माग विचारायचाच. याच आँस्तित्यूतून लिब्री नावाच्या इटालियन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची पत्रं चोरली. त्यातलं 1641 चं एक अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजात सापडलं आणि 2010 मध्ये परत आलं. कॉलेजने ते चोरलेलं नव्हतं, तरी आपणहून परत केलं.

द्रुओ या पॅरिसमधल्या लिलावघरात बोलीवर खरेदीदाराचं कमिशन चढतं, चौथाई किंवा त्याहूनही जास्त. आदल्या दिवशीच्या प्रदर्शनात पत्र हातात घेऊन बघता येतं, ते चुकवू नये. मौल्यवान जुनी हस्तलिखितं फ्रान्सबाहेर नेण्यासाठी दाखला लागू शकतो. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तो लेखी मागावा.

घरी आल्यावर खरा शत्रू आपला पावसाळा, आणि त्याहून मोठा शत्रू लॅमिनेशनवाला. गरम प्लॅस्टिक कागदाला चिकटतं आणि पुन्हा निघत नाही. आम्लरहित फोल्डर, पॉलिएस्टरचं पाकीट, अंधार. भिंतीवर लावायचंच असेल तर प्रत लावा.