ताटातलं देवाला पोचतं का?

ठाण्यात जांभळी नाक्यावरून टेंभी नाक्याकडे पायी निघालं की थोड्या अंतरात बरेच देव भेटतात, आणि देव न मानणारे धर्मही. कौपिनेश्वराचं देऊळ, तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, मुनिसुव्रतस्वामींचं जैन मंदिर, पारशांची अग्यारी, १८७९ सालचं बेने इस्रायली ज्यूंचं शआर हाशामाइम हे सिनेगॉग. पलीकडे राबोडीत मशिदी आहेत. असा फेरफटका मारून आलेला माणूस हमखास म्हणतो, ‘शेवटी देव एकच, नावं वेगळी.’ वाक्य सद्भावनेचं आहे, पण आळशी आहे. ते उच्चारलं की पुढे काही समजून घ्यायची गरज उरत नाही.

तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षा सोपी कसोटी आहे. देवासमोर ठेवलेल्या खाण्याचं पुढे काय होतं, ते बघायचं. कोण देतो, कोण घेतो, परत काय मिळतं? देव आणि माणूस यांच्यातला व्यवहार त्या ताटात उघडा पडतो.

घरच्यापासून सुरुवात करू. नैवेद्याच्या ताटाखाली पाण्याने चौकोनी मंडल काढायचं, ताटावर तुळशीचं पान (गणपतीला दूर्वा), भोवती पाणी फिरवायचं आणि ‘प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय, उदानाय, समानाय, ब्रह्मणे स्वाहा’ म्हणत घास भरवल्याची क्रिया करायची. इथवर बहुतेकांना येतं. पुढचं घाईत गळतं: मध्येच प्यायला पाणी, शेवटी उत्तरापोशन, हात धुवायला पाणी, तोंड धुवायला पाणी, हाताचा वास जावा म्हणून चंदन, मग विडा. पाहुण्याची उस्तवार जशी करावी तशी, तंतोतंत. आवाहन करून बोलावलेला, आसनावर बसवलेला पाहुणा जेवला, त्याने आचवलं आणि ताटात जे ठेवलं तो प्रसाद झाला. म्हणजे देवाचं उष्टं. म्हणून नैवेद्याआधी चव घ्यायची नसते. आधी आपण चाखलं तर आपलं उष्टं देवाला जातं आणि सगळं नातंच उलटतं. मीठ कमी पडलं का, हे आमटी न चाखता ओळखण्याचं कसब घरोघरच्या बायकांना यामुळेच आलं.

देव नित्यतृप्त असेल तर त्याला भूक कुठली, हा आक्षेप परंपरेला ठाऊक आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी एवढंच मागितलंय आणि तेही भक्तीने दिलं तर. चौथ्या अध्यायात तर अर्पण, हवी, अग्नी आणि अर्पण करणारा ही सगळी ब्रह्मच आहेत. तिथे कोण कोणाला जेवू घालणार? जेवणाआधी आपण ज्या श्लोकात ‘यज्ञकर्म’ म्हणतो, त्याच्या मागे हाच विचार आहे: पोटातला अग्नी हेच कुंड. एकाच घरात सकाळी देव्हाऱ्यात द्वैत असतं आणि दुपारी पानावर अद्वैत, आणि कोणाला त्यात विसंगती जाणवत नाही.

पण ‘हिंदूंमध्ये प्रसाद परत मिळतो’ असा सरसकट नियम करू नका. शंकराकडे तो अडतो. पिंडीवर वाहिलेलं ते शिवनिर्माल्य, त्यावर चंड या शिवगणाचा अधिकार, ते भक्ताने खायचं नाही. मराठीत ‘ते मला शिवनिर्माल्य’ म्हणजे ‘त्याला मी हात लावणार नाही’, ते इथूनच. ज्योतिर्लिंगं, बाणलिंगं यांना अपवाद सांगितलेले आहेत, आणि पिंडीवर न ठेवता समोर दाखवलेला नैवेद्य बहुतेक ठिकाणी वाटतात. प्रदक्षिणाही तशीच: अभिषेकाचं पाणी जिथून वाहून जातं ती सोमसूत्राची रेषा ओलांडायची नाही, तिथून मागे फिरायचं. पाहुणा म्हणून आलेला गणपती आणि मर्यादा आखून बसलेला शंकर, दोघांशी नातं एकच नाही.

दुसरं टोक म्हणजे गोपाळकाला. पोहे, ज्वारीच्या लाह्या, दही, काकडी, लोणचं, मिरची, ज्याच्या शिदोरीत जे असेल ते एकत्र. कृष्णाने गोपांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या आणि त्यांच्या घासातला घास खाल्ला. इथे उष्टं दोन्ही बाजूंनी फिरतं. टेंभी नाक्याच्या दहीहंडीत थर आणि बक्षिसांची रक्कम मोजण्याच्या नादात हे निसटतं. नामदेवाच्या कथेत तर देवाने जेवावं म्हणून पोरगं हट्ट धरून बसतं. नामदेवांनी विठ्ठलाला दूध पाजल्याचं पद शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्येही आहे. त्यांची ६१ पदं तिथे आहेत.

गंमत अशी की त्याच ग्रंथापुढे ताट वाढून कोणी त्याला भरवत नाही. नवी मुंबईतल्या कुठल्याही गुरुद्वारात जा. कडाह प्रसादात कणीक, तूप आणि साखर समभाग. अरदास म्हणजे प्रार्थना होते, कृपाणाचा स्पर्श होतो आणि मग वाटप. एक ओंकार निराकार आहे, जन्म न घेणारा. समोर आहे तो शब्द, आणि १७०८ पासून तोच गुरू. प्रसाद म्हणजे गुरूच्या दारातली कृपा. ती बसून, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायची, आणि घेणाऱ्यांत उच्च-नीच ठेवायचं नाही. एका हाताने घेणं किंवा ‘नको, डाएट चालू आहे’ म्हणणं तिथे फार खटकतं. कमी हवा असेल तर ‘थोडा’ म्हणावं. आणि कानावर ‘भोग’ शब्द पडला तर अनेकदा तो ग्रंथपठणाच्या समाप्तीला असतो, ५६ पदार्थ शोधू नका.

जैन मंदिरात ही सगळी गणितं मोडतात. पाटल्यावर तांदळाचा स्वस्तिक, वर तीन ढिगल्या, त्यांच्यावर चंद्रकोर. स्वस्तिकाच्या चार बाजू म्हणजे जीव फिरतो त्या चार गती; तीन ढिगल्या म्हणजे दर्शन, ज्ञान, चारित्र्य; कोर म्हणजे सिद्धशिला, मुक्त जीवांचं स्थान. स्वस्तिकावर मिठाई आणि सिद्धशिलेवर फळ ठेवतात. ही मिठाई तीर्थंकराने खावी म्हणून ठेवलेली नसते. ते मुक्त झालेले आहेत. ते जग निर्माण करत नाहीत, नवसाला पावत नाहीत आणि खातही नाहीत. नैवेद्यपूजेतली भावना नेमकी उलट आहे: मलाही अनाहारी पद मिळो, या खाण्याच्या चक्रातून सुटका होवो. खाणं सुटावं म्हणून वाहिलेलं खाणं! म्हणून ते परत घ्यायचं नसतं. सोडलं ते सोडलं. मंदिराबाहेर पेढा हातात पडतो ती प्रभावना, आलेल्यांना वाटलेली भेट. ती वाहिलेलीच नसते. तिला प्रसाद म्हटलं तर जैन मित्र सभ्यपणे हसतो, एवढंच.

विहारात देवच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या २२ प्रतिज्ञांत बुद्धाला विष्णूचा अवतार मानणं खोटं आहे, असं स्पष्ट म्हटलंय. तरीही बौद्ध शेजाऱ्याला बुद्धपौर्णिमेला ‘नवव्या अवताराच्या’ शुभेच्छा पाठवणारे महाभाग आहेत. मूर्तीपुढे फूल असतं, पण त्या वेळच्या पाली गाथेचा अर्थ ऐका: हे फूल जसं कोमेजतं, तसा माझा देहही नाशाकडे जातो. बुद्धाकडे मागणं काहीच नाही. पौर्णिमेची खीर सुजाताने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची आठवण आहे, आणि ती जाते माणसांच्या पोटात. वर कोणी घेणारा नसल्यामुळे दान आडवं वाहतं, माणसाकडून माणसाकडे.

आता सिनेगॉगकडे. बेने इस्रायली मंडळींचा मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा. मोठ्या ताटात ढीग, भोवती खजूर आणि फळं. गृहप्रवेश, लग्न, आजारातून उठणं, मनातली इच्छा पुरी होणं अशा प्रसंगी एलियाहू हनावीच्या नावाने तो होतो. बघणाऱ्याला वाटतं, हा एलियाहूचा नैवेद्य. नाही. एलियाहू पैगंबर आहे, देव नाही, आणि ताट कोणालाच दाखवलेलं नसतं. त्यावर बेराखा ही छोटी प्रार्थना म्हणतात आणि ती पदार्थाला आशीर्वाद देत नाही, देवाची स्तुती करते: ‘झाडाचं फळ निर्माण करणाऱ्या, विश्वाच्या राजा, तू धन्य.’ फळाच्या जातीप्रमाणे शब्द बदलतात. खजुराला झाडाचं फळ म्हणायचं आणि केळ्याला जमिनीचं, कारण केळीला लाकडी खोड नसतं. चुकायची जागा नेमकी हीच. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातला तर्क असा: जग देवाचं आहे, स्तुती न करता चाखणं म्हणजे त्याच्या मालमत्तेला हात घालणं. आपण देवाला काही देत नाही, त्याचंच त्याची परवानगी घेऊन खातो. जेरुसलेमचं मंदिर इ.स. ७० मध्ये पडलं तेव्हापासून यज्ञबळी बंद आहेत. त्यांच्या जागी प्रार्थना आली. तिच्या काही भागांसाठी, परंपरेने, दहा प्रौढ पुरुष लागतात. १९४८ नंतर इस्रायलला गेलेल्या कुटुंबांमुळे आपल्याकडच्या अनेक सिनेगॉगांत हा दहाचा आकडाच अवघड झाला.

चर्चमध्ये ताट उलटं फिरतं. गव्हाचं पीठ आणि पाणी यांची बिनआंबवलेली पातळ चकती आणि द्राक्षाचा मद्यरस. माणसं हे वेदीकडे नेतात, पुरोहित ख्रिस्ताचे शब्द उच्चारतो आणि कॅथलिक श्रद्धेनुसार रूप-चव तीच राहून आतलं तत्त्व ख्रिस्ताचं शरीर-रक्त होतं. म्हणजे देवाने खाल्लेलं आपण खात नाही. देवच स्वतःला खायला देतो. म्हणून रांग दिसली की ‘प्रसाद आहे’ समजून तिच्यात उभं राहू नये. ते फक्त दीक्षित कॅथलिकांसाठी, त्यांनाही आधी एक तास उपास. डावा तळहात उजव्यावर, मग उजव्या हाताने उचलून तिथेच खायचं. रुमालात बांधून आजीसाठी घरी न्यायचं नाही. इथे आपली भाषाही घोटाळा करते. अवतार हा आपला जवळचा शब्द, पण आपले अवतार युगायुगांत अनेक, आणि ख्रिस्ताचं देहधारण एकदाच, वधस्तंभापर्यंत. दत्ताची तीन तोंडं दाखवून ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) समजावणाऱ्यांनीही जरा थांबावं. प्रॉटेस्टंटांपैकी बरेच जण भाकरीला स्मरणाचं चिन्ह मानतात, म्हणजे एका येशूच्या घरातही ताटाबद्दल एकमत नाही.

अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, तेव्हा थोडक्यात. अग्नीला दिवसाच्या पाच गाहांत, म्हणजे प्रहरांत, सुखड म्हणजे चंदन अर्पण होतं. त्यांचा देव अहुर मज्द चांगल्याचा कर्ता, वाईट त्याच्याकडून येत नाही, आणि माणूस त्या झुंजीत त्याचा साथीदार. जशन या आभाराच्या विधीत फळं आणि मलिदो असतो. हो, पुन्हा तोच शब्द. दर्ग्यातही मलिदा असतो, चपाती कुस्करून तूप-गूळ घातलेला. तीन समाज, तीन पाककृती, नाव एक, आणि अर्थ तिन्हीकडे निराळा.

इस्लाममध्ये उत्तर कुराणातच आहे, २२व्या सूरेत: कुर्बानीचं मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची धर्मनिष्ठा. मांसाचे तीन वाटे करण्याचा प्रघात आहे: घर, नातलग-मित्र, गरीब. अल्लाहला कोणी भरवत नाही, त्याला भागीदार नाही, त्याची प्रतिमा नाही. मग दर्ग्यातली नियाज, वलींच्या म्हणजे संतांच्या नावाने वाटलेलं अन्न? मानणारे सांगतात, फातिहा वाचून त्याचं पुण्य वलींना पोचवतो, मागतो अल्लाहकडेच, वली फक्त वसीला, म्हणजे माध्यम. न मानणारे म्हणतात, इथून शिर्क, म्हणजे अल्लाहला भागीदार मानणं, एक पाऊल दूर आहे. हाजी मलंगच्या डोंगरावर जाणारा आणि मुंब्र्यात त्यावर टीका करणारा, दोघेही एकच कलमा म्हणतात.

आणि अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावाने अर्पण केलेलं खाऊ नये, असंही कुराणात आहे. त्यामुळे काही मुसलमान शेजारी प्रसाद घेत नाहीत, काही घेतात. मूर्तीपुढच्या अन्नाबाबत ज्यूंचाही कडक निषेध आहे. ख्रिस्ती प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलं की मूर्ती काहीच नाही, पण दुर्बळ भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नका. ‘प्रसादाला नाही म्हणतो म्हणजे काय’ असा राग धरण्यात अर्थ नाही. तो तुमच्या शिऱ्याला नाही म्हणत नाही.

सोसायटीच्या सत्यनारायणाला हे सहज सांभाळता येतं. शिरा सव्वाच्या मापात करतो: रवा, तूप, साखर, दूध, सोबत केळं. पातेलं उतरवलं की कोणीही न चाखता आधी एक डबा वेगळा काढून झाकून ठेवा. नैवेद्य पातेल्यातून नाही, वेगळ्या वाटीतून दाखवा. नेहमी घोटाळा होतो तो पुढे: वाटीतला चमचाभर शिरा पातेल्यात परत मिसळतात, म्हणजे सगळाच प्रसाद होतो. डब्यात मात्र तो मिसळायचा नाही. डबा पूजा झाल्यावरच उघडायचा, म्हणजे देवाआधी कोणी खाल्लं नाही आणि डब्यातलं देवाला दाखवलंही नाही. देताना ‘हा शिरा, नैवेद्यातला नाही’ एवढं सांगायचं, घ्यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. तीर्थाचं पंचामृत जैन घरात नेऊ नका, त्यात मध असतो. आणि तिथे शिरा न्यायचा तर सूर्यास्ताच्या आत.